पॅरिस–फ्लॉरेन्स–रोम, सोबत सासू-सासरे आणि मुलं : रांगांचं काय करायचं?

शरयू_ठाणे | १५ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.
मेच्या शेवटी आम्ही सहाजण युरोपला निघतोय. मी, नवरा, १५ वर्षांचा मुलगा, ८ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. हळूहळू चालत राहिल्या तर त्यांना त्रास होत नाही, पण एका जागी उभं राहणं फार जड जातं. सासरे शाळेत चित्रकला शिकवायचे. ही सगळी चित्रं त्यांनी आयुष्यभर पुस्तकांत पाहिली आणि त्या छापील रंगांवरून मुलांना समजावून सांगितली. आता ती प्रत्यक्ष समोर उभं राहून बघायची आहेत. खरं तर ही सहल त्यांच्यासाठीच आहे.

व्हिसा हातात आलाय, विमानाची तिकिटं झाली आहेत. २४ ते २७ मे पॅरिस, २८ आणि २९ फ्लॉरेन्स, ३० मे ते ३ जून रोम, ४ तारखेला परत. मी केलेला कच्चा आराखडा असा : सोमवारी २५ ला आयफेल टॉवर, मंगळवारी २६ ला लूव्र संग्रहालय, २९ ला फ्लॉरेन्समध्ये उफीझी कलासंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, रविवारी ३१ ला व्हॅटिकन म्युझियम (त्या दिवशी प्रवेश फुकट असतो असं वाचलं) आणि २ जूनला कलोसियम.

एका ट्रॅव्हल कंपनीने सगळीकडची 'स्किप द लाइन' तिकिटं देऊ केली आहेत, पण मूळ दराच्या दुपटीहून जास्त पैसे मागतायत. इतके पैसे मोजून रांग खरंच टळते का? की स्वतः बुकिंग केलं तरी तेच होतं? ज्यांनी वयस्कर माणसांना घेऊन हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दूरदेशी | १५ मार्च, रात्री ११:५५

शरयूताई, मी रोममध्ये राहतो. उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे. पैशांचं नंतर बोलू. आधी तारखा बघा, कारण आराखड्यातल्या तीन तारखा बदलायलाच हव्यात.

लूव्र मंगळवारी बंद असतं. २६ तारीख गेली.

व्हॅटिकन म्युझियम महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट असतं हे खरं आहे, आणि ३१ मे हा नेमका तोच रविवार. पण त्या दिवशी आगाऊ बुकिंग नसतं, शेवटचा प्रवेश दुपारी १२:३० ला आणि २ वाजता दारं बंद. अख्ख्या रोममधले काटकसरी प्रवासी सकाळी लवकर येऊन भिंतीच्या कडेने उभे राहतात. आईंना तिथे अजिबात नेऊ नका.

२ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन. कलोसियमसमोरच्या व्हिआ देई फोरी इंपेरिआली या रस्त्यावर लष्करी संचलन असतं. रस्ते बंद असतात, आणि सरकारी संग्रहालयांना प्रवेश विनामूल्य असल्याने स्थानिक लोकही बाहेर पडतात. ती तारीखही सोडा.

आता मुख्य गोष्ट. आपण 'रांग' म्हणून एकच शब्द वापरतो, पण अशा ठिकाणी वेगवेगळ्या रांगा असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो. पहिली तिकीट काढण्याची. दुसरी बॅगा तपासण्याची, विमानतळावर असते तशी. तिसरी आतली, म्हणजे ज्या वस्तूसाठी सगळे आलेत तिच्यासमोर साचलेली गर्दी. 'स्किप द लाइन' म्हणून जे विकलं जातं त्याने फक्त पहिली रांग टळते. आणि अधिकृत साइटवरून ठरावीक वेळेचं साधं तिकीट आधी काढलं, तरी तीच पहिली रांग टळते. तपासणीतून सगळ्यांना जावं लागतं. आतल्या गर्दीवर तर पैशाचा काहीच इलाज नाही, तिथे फक्त दिवस आणि तास नीट निवडणं आपल्या हातात असतं.

म्हणजे कंपनी जादा पैसे घेतेय ते तुम्हाला घरबसल्या करता येणाऱ्या कामाचे.

नाना सांगलीकर | १६ मार्च, सकाळी ७:१०

दूरदेशी यांचं बरोबर आहे, पण दुसरी बाजूही लिहितो. आम्ही उभयता सत्तरीच्या पुढचे. मुलाने व्हॅटिकनला गाइड लावून दिला होता. गटाचं प्रवेशाचं दार वेगळं होतं हा भाग सोडा. खरा फायदा आतमध्ये झाला. कुठे बसायला बाक आहेत, स्वच्छतागृह कुठे, पुढे किती चालायचंय, हे त्याला माहीत होतं. कानात हेडफोन, त्यामुळे गर्दीत मागे पडलो तरी त्याचा आवाज ऐकू यायचा. म्हाताऱ्या माणसाला 'आता पुढे काय' या काळजीनेच निम्मा थकवा येतो. तेव्हा सरसकट 'पैसे वाया' असं म्हणू नये.

दूरदेशी | १६ मार्च, दुपारी १:२०

नाना, पूर्ण मान्य. गाइडचे पैसे हे गाइडच्या ज्ञानाचे आणि सोबतीचे असतात, आणि चांगला गाइड असेल तर ते सार्थकी लागतात. माझा आक्षेप आहे तो गाइड न देता नुसतं तिकीट दुप्पट भावाने विकण्याला. गाइड हवाच असेल तर व्हॅटिकन म्युझियमच्या स्वतःच्या साइटवर गाइडसह प्रवेशाची तिकिटं मिळतात, ती आधी बघावीत. साधी तिकिटं संपली असली तरी कधी कधी ही शिल्लक असतात.

कलोसियमचा एक प्रकार इथे सांगायला हवा. तिथली अधिकृत तिकिटं क्षणात संपायची आणि तीच सहल कंपन्यांकडे चढ्या भावाने दिसायची. हे इतकं वाढलं की इटलीच्या स्पर्धा नियामकाने एप्रिल २०२५ मध्ये तिकीटविक्रीचं काम पूर्वी पाहणाऱ्या कंपनीला आणि सहा सहल कंपन्यांना मिळून जवळपास २ कोटी युरोंचा दंड केला. त्या सहल कंपन्या बॉट, म्हणजे आपोआप बुकिंग करणारे संगणकी प्रोग्रॅम, वापरून तिकिटं उचलत होत्या. त्याआधीच, ऑक्टोबर २०२३ पासून, कलोसियमचं तिकीट नावावर झालं होतं. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्र जुळल्याशिवाय आत सोडत नाहीत. साइट उघडल्या उघडल्या तिकीट दिसलं नाही तर हताश होऊ नका. मधूनमधून पुन्हा बघत राहायचं.

हेमांगी_मा | १६ मार्च, दुपारी ४:०५

पॅरिसचं मी सांगते, इथे बरीच वर्षं राहतेय.

शरयू, २५ मे हा सोमवार इथे सुट्टीचा आहे, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरचा. जोडून आलेल्या सुट्टीमुळे त्या दिवशी आयफेलला भयंकर गर्दी असणार. आयफेल मंगळवारी २६ ला कर. लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात, म्हणजे तुझ्यासाठी २७ मार्च. पाडवा झाला की आठवड्याभरात कामाला लागायचं. तिसऱ्या मजल्याचा मोह आई-बाबांसाठी तरी टाळ. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट बदलावी लागते आणि तिथे वर जाणाऱ्यांची वेगळी रांग असते, खाली येतानाही तसंच. दुसऱ्या मजल्यावरून शहर जास्त नीट ओळखू येतं असं माझं मत आहे. त्याहून वर गेलं की सगळं सपाट दिसायला लागतं. तपासणी दोनदा होते, एकदा बाहेरच्या काचेच्या कुंपणापाशी आणि एकदा खांबाशी. त्यामुळे तिकिटावरच्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोच. मुलगा जिन्याने चढणार असेल तर दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत, आणि जिन्याची रांग लिफ्टपेक्षा नेहमी लहान असते.

लूव्रसाठी बुधवार २७ घे. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री ९ पर्यंत उघडं असतं, बाकीच्या दिवशी ६ ला बंद. तू ५ च्या सुमाराचं तिकीट काढ. दुपारी आई-बाबांना हॉटेलवर झोप काढू दे, मग ताजेतवाने होऊन निघा. सकाळी आलेले गट तोवर परत गेलेले असतात. काचेच्या पिरॅमिडपाशी सगळे जमतात, पण रिव्होली रस्त्यावरून खालच्या कारूसेल बाजारातूनही आत जाता येतं. तिथे सावली असते, आणि पाऊस आला तरी भिजायला होत नाही. सासूबाईंसाठी आत व्हीलचेअर मोफत मिळते, ओळखपत्र ठेवावं लागतं. चालता येत असलं तरी घ्या. दमल्या की बसतील.

दर मात्र वाढलेत. जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांना ३२ युरो पडतात. १८ वर्षांखालच्यांना कुठल्याही देशाच्या असोत, प्रवेश मोफत आहे, पण मुलांसाठीही शून्य युरोचं वेळेचं तिकीट काढावं लागतं. हे बरेचजण विसरतात आणि मग दारात अडकतात. तेच पॅरिस म्युझियम पासचं, म्हणजे अनेक संग्रहालयांच्या एकत्रित तिकिटाचं. पास असला तरी लूव्रची वेळ वेगळी राखून ठेवावी लागते, आणि आयफेल त्या पासात येतच नाही.

विहंग_नाशिक | १६ मार्च, रात्री ८:३०

बुकिंगच्या वेळी आपल्याकडच्या लोकांची गाडी अडते ती तांत्रिक गोष्टींवर, म्हणून लिहितोय.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नव्या कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या अॅपमधून आपण सुरू करायचे असतात. आदल्या दिवशीच सुरू करा आणि मर्यादाही बघून ठेवा. सहाजणांची रक्कम एकदम जाते, मर्यादा कमी असली की व्यवहार फेटाळला जातो आणि तोवर स्लॉट दुसऱ्याचा होतो. दुसरं एखादं कार्ड हाताशी असू द्या. प्रत्येक साइटवर खातं आधीच उघडून ठेवा आणि सहाही जणांची नावं पासपोर्टवरून एका फाइलमध्ये टाइप करून ठेवा, म्हणजे ऐनवेळी नुसती चिकटवायची.

घड्याळाचंही लक्षात घ्या. आत्ता तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे. २९ मार्चला त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, मग फरक साडेतीन तासांचा. आयफेलचं बुकिंग त्याआधीचं आहे आणि रोमचं त्यानंतरचं, तेव्हा गफलत होऊ देऊ नका.

आणि शोध घेतल्यावर सगळ्यात वर जे येतं ती बहुतेक वेळा मधल्या विक्रेत्याची जाहिरात असते, दिसायला अगदी अधिकृत साइटसारखी. व्हॅटिकनची ओळख सोपी आहे. त्यांच्या खऱ्या साइटचा पत्ता 'डॉट व्हीए'ने संपतो.

पद्मजा_कोल्हापूर | १७ मार्च, सकाळी १०:४५

तुमच्या सासऱ्यांबद्दल वाचून फार आनंद झाला. मीही कलेचा इतिहास शिकवला आहे, म्हणून त्यांच्या नजरेने विचार करून लिहिते.

मोनालिसाच्या दालनात दोरीच्या आड वळणावळणाने पुढे सरकावं लागतं आणि चित्रासमोर काही क्षण मिळतात. चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटर, जाड काचेआड आणि अंतरावर. ज्यांनी आयुष्यभर ते वर्गात शिकवलं त्यांनी ते बघायलाच हवं, त्यात शंका नाही. पण बघून झालं की लगेच दालनाबाहेर पडू नका. मागे वळा. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं 'काना येथील लग्न' आहे, लूव्रमधलं सर्वांत मोठं चित्र. लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. बाहेरच्या लांब दालनात लिओनार्दोचीच 'खडकांमधली मारिया' आणि 'संत अॅना' आहेत. तिथे तुम्हाला जवळ जाऊन, हवा तितका वेळ, ब्रशचं काम बघता येईल. लिओनार्दोने कडा धुरासारख्या कशा विरघळवल्या हे मोनालिसासमोर त्या धक्काबुक्कीत दिसणारच नाही. ते इथे दिसेल. चित्रकलेच्या शिक्षकाला याहून मोठी मेजवानी नाही.

रोममध्ये तर मी म्हणेन की काही उत्तमोत्तम गोष्टींना ना तिकीट आहे ना आरक्षण. पँथिऑन या प्राचीन मंदिरापासून चालत काही मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी हे चर्च आहे. त्यात काराव्हाज्यो या चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं, ज्या भिंतींसाठी रंगवली त्याच भिंतींवर. शेजारच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. कलोसियमपासून थोड्या चढावर सान पिएत्रो इन व्हिंकोली, तिथे मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा. सांता मारिया देल पोपोलोमध्ये आणखी दोन काराव्हाज्यो. सांता मारिया देला व्हित्तोरियात बेर्निनीचं संत तेरेसाचं शिल्प. बहुतेक चर्च दुपारी काही तास बंद असतात, तेव्हा सकाळी किंवा ४ नंतर जा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी किंवा सलवार-कुडत्यात हा प्रश्नच येत नाही.

फ्लॉरेन्समध्ये डेव्हिड पाहून झाला की कॅथेड्रलच्या मागे त्याचं स्वतःचं संग्रहालय आहे, म्युझेओ देल ओपेरा देल दुओमो. गिबेर्तीचे सोनेरी दरवाजे मूळ स्वरूपात तिथे आहेत, बाहेर लावलेली त्यांची नक्कल आहे. मायकेलअँजेलोने म्हातारपणी घडवायला घेतलेला आणि अर्धवट सोडलेला 'पिएता', म्हणजे मृत येशू आणि मारियाचं शिल्प, तिथेच आहे. कॅथेड्रलमध्ये शिरण्यासाठी लोकांची रांग चौकाला वळसा घालून गेलेली असते, आणि या संग्रहालयात शांतपणे बसून बघता येतं.

चंद्रभागा_तीर | १७ मार्च, दुपारी १२:३०

पद्मजाताई, फार सुंदर लिहिलंत.
आम्ही पंढरपूरचे. पदस्पर्शाच्या दर्शनबारीत माणसं तासन् तास उभी असतात, पण तिथे उभं राहणं हा दर्शनाचाच भाग असतो. मुखी नाम असतं, पुढचा-मागचा माणूस माउली असतो. आणि ज्याला उभं राहणं झेपत नाही त्याच्यासाठी मुखदर्शन आहे, ते घेऊन परतणाऱ्याला कोणी कमी मानत नाही. संग्रहालयाच्या रांगेत नुसतं ऊन असतं. तिथे आईंचे पाय खर्ची घालू नयेत, ते आतल्या चालण्यासाठी राखून ठेवावेत. आयफेललाही वर चढणं हे एकच दर्शन नाही. समोरच्या त्रोकादेरोच्या चौथऱ्यावरून तो पायथ्यापासून टोकापर्यंत दिसतो, तिथे ना तिकीट ना तपासणी.

शरयू_ठाणे | १७ मार्च, रात्री १०:१५

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पद्मजाताईंचा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी जुनी वही काढून त्यात सगळ्या चर्चची नावं लिहून घेतली. 'संत अॅना'चं नाव ऐकून म्हणाले की तिचा त्रिकोणी बांध मी दरवर्षी फळ्यावर काढायचो. सासूबाई म्हणाल्या, त्रोकादेरो मला चालेल, तुम्ही या वर जाऊन. पण मी त्यांचंही तिकीट काढणार आहे. ऐनवेळी वाटलं तर चढतील.

आता रोमचे दिवस कसे लावू ते सांगाल का दूरदेशी? आणि कलोसियमला सासूबाईंना झेपेल ना?

दूरदेशी | १८ मार्च, दुपारी २:५०

असं लावा.

रविवार ३१ मे, कलोसियम. हा महिन्याचा पहिला रविवार नाही हे महत्त्वाचं, कारण पहिल्या रविवारी ते फुकट असतं आणि मग पुन्हा तीच कथा. तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात, म्हणजे तुमची १ मेला. महाराष्ट्र दिन, सुट्टीच आहे, घरी बसून निवांत करता येईल. सकाळी उघडल्यानंतरचा पहिला किंवा दुसरा स्लॉट घ्या. मेअखेरीस दुपारचं ऊन तिथल्या दगडांवरून परत अंगावर येतं आणि आत सावली कमी आहे. पायऱ्या उंच आहेत, पण लिफ्ट आहे. कर्मचाऱ्याला आईंकडे बोट दाखवून विचारलंत की ते दाखवतात. मोठ्या पाठपिशव्या आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत, त्यामुळे हलकं सामान घ्या. पाण्याची प्लॅस्टिकची किंवा धातूची बाटली पुरे. रोममध्ये रस्तोरस्ती 'नासोने' नावाचे सार्वजनिक नळ आहेत, पाणी थंडगार आणि पिण्याचं.

त्याच तिकिटात शेजारचे प्राचीन रोमचे अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलेटाइन टेकडी, येतात. बहुतेक लोक कलोसियममधून निघून समोरच्या फोरमच्या दाराशी गर्दी करतात. तुम्ही व्हिआ दि सान ग्रेगोरिओवरच्या पॅलेटाइनच्या दाराने जा, तिथे बरंच मोकळं असतं. आई दमल्या असतील तर हा भाग सोडून द्यायलाही हरकत नाही. मी पाहुण्यांना हेच सांगतो की एका दिवशी एकच मोठी गोष्ट, बाकीचं जमलं तर.

सोमवारी १ जूनला सकाळी लवकर सेंट पीटर्स बॅसिलिका. ती ७ ला उघडते. प्रवेशाला पैसे नाहीत, रांग आहे ती तपासणीची, आणि ती दहानंतर त्या गोल चौकाला वेढा घालते. ७ ते ८ च्या दरम्यान पोहोचलात तर चालत आत जाल. आत शिरल्यावर उजव्या हाताला लगेच मायकेलअँजेलोचा पिएता. १९७२ मध्ये एका माणसाने त्यावर हातोड्याने घाव घातले, तेव्हापासून तो काचेआड आहे. सकाळच्या त्या वेळी तुमचे सासरे त्याच्यासमोर निवांत उभे राहू शकतील. घुमटावर जायचं असेल तर ५५१ पायऱ्या, लिफ्टने गच्चीपर्यंत गेलं तरी ३२० उरतात आणि शेवटचा भाग अरुंद, कलता आहे. मुलांनी आणि तुमच्या नवऱ्याने जावं, आई-बाबांनी नको.

मंगळवार २ जून, पद्मजाताईंची चर्च. संचलनाचा भाग टाळून पियात्सा देल पोपोलोकडून सुरुवात करा.

बुधवार ३ जूनला व्हॅटिकन म्युझियम, पण दुपारी ४ चा स्लॉट. बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असते, त्यासाठी आलेले हजारो लोक नंतर बॅसिलिकाकडे वळतात, म्हणून बॅसिलिका मी सोमवारी ठेवली. म्युझियम सोमवार ते शनिवार रात्री ८ पर्यंत उघडं असतं, शेवटचा प्रवेश ६ ला. गाइडचे मोठे गट सकाळी येतात, ४ नंतर दालनं श्वास घ्यायला लागतात. तिकिटं ६० दिवस आधी, तुमच्यासाठी ४ एप्रिलच्या सुमारास. मूळ दरावर ५ युरो आरक्षणाचे लागतात, आणि माझ्या मते साऱ्या रोममध्ये सर्वांत सार्थकी लागणारे ५ युरो तेच. व्हीलचेअर इथेही मोफत मिळते.

सिस्टिन चॅपल अगदी शेवटी येतं, वाटेत नकाशांचं १२० मीटर लांब दालन आणि राफाएलच्या खोल्या आहेत. घाई करून चॅपलकडे पळू नका. आत कडेने भिंतीला बाक आहेत. आईंना तिथे बसवा आणि मान मागे टेकवून छत बघू द्या. फोटो काढायला आणि बोलायला मनाई आहे, म्हणून सासऱ्यांना जे समजावून सांगायचंय ते मुलांना आदल्या रात्री सांगून ठेवू दे.

एक गोष्ट नेहमी चुकते. म्युझियमचं दार सेंट पीटर्सच्या चौकात नाही, व्हिआले व्हॅटिकानोवर आहे, भिंतीला वळसा घालून बरंच चालावं लागतं. टॅक्सीवाल्याला किंवा नकाशात नुसतं 'व्हॅटिकन' सांगू नका. मेट्रोने आलात तर ओत्ताविआनो किंवा चिप्रो स्टेशन. चौकात 'आज तिकिटं संपली, माझ्याकडे आहेत' म्हणत गळ्यात ओळखपत्र अडकवलेले लोक भेटतील. त्यांच्याशी बोलणं सुरूच करू नका.

नाना सांगलीकर | १८ मार्च, संध्याकाळी ६:०५

'एका दिवशी एकच मोठी गोष्ट' हे वाक्य प्रत्येक मुलाने आणि सुनेने वाचावं. आम्हा म्हाताऱ्यांना नाही म्हणवत नाही. मुलांनी इतका खर्च केलाय म्हणून आम्ही चालत राहतो आणि रात्री पाय सुजतात. शरयूताई, रोज संध्याकाळी सासूबाईंना 'उद्या येणार का' असं विचारू नका. 'उद्या सकाळी आराम करूया का' असं विचारा, म्हणजे त्यांना हो म्हणता येईल.

हेमांगी_मा | १८ मार्च, रात्री ९:२०

नाना, हे खरंच लिहून ठेवण्यासारखं आहे.

शरयू, फ्लॉरेन्सचं राहिलं. उफीझी आणि अकादेमिया, जिथे मूळ डेव्हिड आहे, दोन्ही सोमवारी बंद असतात. तुझा शुक्रवार आहे, त्यामुळे अडचण नाही. दोन्हींची आगाऊ तिकिटं ४ युरो जास्त देऊन मिळतात. पण दोन्ही एका दिवशी नको. अकादेमिया २८ च्या संध्याकाळी कर, ते लहान आहे. उफीझी २९ ला सकाळी ८:१५ ला उघडतं, तेव्हाच आत शिरा आणि आधी बोत्तिचेल्लीच्या चित्रांच्या खोल्या गाठा. तासाभरात तिथे पाय ठेवायला जागा राहत नाही. मुलांना इथेही प्रवेश मोफत, पण जागा त्यांच्याही राखून ठेव.

शरयू_ठाणे | २७ मार्च, रात्री ८:१०

आयफेल झालं! मंगळवार २६ मे, संध्याकाळी ७:३०, दुसरा मजला, सहाही तिकिटं. हेमांगीने खासगी निरोपात सांगितलं की मेअखेरीस सूर्य तिथे साडेनऊच्या पुढे मावळतो, म्हणून ती वेळ निवडली. विहंग, कार्डाची मर्यादा खरंच कमी होती, सकाळीच वाढवून घेतली. ट्रॅव्हल कंपनीला नम्रपणे नकार कळवला.

आता ४ एप्रिलची तयारी करतेय. एक शंका उरलीय. सासूबाईंच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात त्यांचं आणि सासऱ्यांचं अशी दोन्ही नावं आहेत, आणि आधार कार्डावर नुसतं त्यांचं. कलोसियमच्या तिकिटावर काय लिहू?

दूरदेशी | २७ मार्च, रात्री ११:३०

अभिनंदन! वेळही छान मिळाली.

पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, दोन्ही नावं आणि मग आडनाव. इथे तुमचं ओळखपत्र म्हणजे पासपोर्ट. आधार इथे कोणी ओळखत नाही, ते हॉटेलात राहू द्या. सहाही पासपोर्ट त्या दिवशी बरोबर लागतील, मुलांचेसुद्धा, कारण त्यांची मोफत तिकिटं वयाचा पुरावा बघूनच स्वीकारतात. १ मेला काही अडलं तर इथेच लिहा, मी दिवसभर घरी आहे. इथेही कामगार दिनाची सुट्टी असते.